मालम, मसालिक आणि जीपीएस

लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन स्वतःच्या गाडीने युरोप फिरायचं ठरवलं आहे. इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्स, मग स्वित्झर्लंड, इटली आणि शेवटी सिसिली बेटावरचं पालेर्मो शहर. त्याने मला विचारलं, ‘मामू, वाट दाखवायला गार्मिन घेऊ, टॉमटॉम घेऊ, की फोनवरच भागवू?’ पोलादपुरात उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात तसा अर्थ नाही. पण त्याच्या प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामाचं नाव ऐकलं आणि मला राहवेना. युरोपातल्या रस्त्यांची माहिती माणसांना विचारून, तपासून, मोजून एका पुस्तकात गोळा करण्याचं मोठं काम साधारण पावणेनऊशे वर्षांपूर्वी याच पालेर्मोत झालं. ते करणारा अरबी लिहिणारा एक मुसलमान होता आणि करवून घेणारा ख्रिस्ती राजा होता.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे. वाट दाखवणारं साधन कसं निवडावं, हा प्रश्न जुना आहे. उपग्रह आले म्हणून तो सुटलेला नाही, फक्त त्याचा चेहरा बदलला आहे.

रस्त्यांची पुस्तकं

उर्दूत ‘मस्लक’ हा शब्द आपण रोज ऐकतो. हा अमुक मस्लकचा, तो तमुक मस्लकचा, अशी भांडणंही ऐकतो. या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे: चालायची वाट. त्याचं अनेकवचन ‘मसालिक’. नवव्या शतकात इब्न खुर्दाज़बिह नावाच्या अधिकाऱ्याने ‘किताब अल-मसालिक वल-ममालिक’ म्हणजे ‘वाटा आणि राज्यं’ असं पुस्तक लिहिलं. हा माणूस अब्बासी खलिफांच्या कारभारात इराणच्या डोंगराळ भागातल्या टपालखात्याचा प्रमुख होता. टपाल वेळेवर पोहोचवायचं तर कुठल्या गावाहून कुठलं गाव किती फरसख, मध्ये मुक्काम कुठे, हे माहीत हवं. पुस्तकाची गरज त्यातून निर्माण झाली. पुढे याच धर्तीची पुस्तकं अनेकांनी लिहिली आणि ‘मसालिक’ हा लिखाणाचा एक प्रकारच बनून गेला.

या पुस्तकांचं मोजमाप टप्प्यांचं असे. एक दिवसाची चाल म्हणजे एक मंज़िल. आपण मराठीत ‘मजल दरमजल करत’ म्हणतो, ती मजल म्हणजे हीच मंज़िल. ‘मुक्काम’ आणि ‘सफर’ हेही तिकडचेच पाहुणे. आता ते घरचे झालेत आणि कुणाला परके वाटत नाहीत.

आपला किनाराही या लिखाणात आहे. अल-मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलं चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यातले कित्येक इथेच जन्मलेले आहेत आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला आहे, असं तो सांगतो. कोकणी मुसलमान आले कुठून आणि कधी, असं विचारणाऱ्यांना देण्यासारखं हे उत्तर आहे. पण ती माहिती लिहिली गेली ती वादासाठी नाही. पुढच्या प्रवाशाला आणि व्यापाऱ्याला ठाऊक असावं, म्हणून लिहिली गेली.

इद्रीसीचा फळा

शरीफ अल-इद्रीसी हा मोरोक्कोच्या टोकावरच्या सबता गावचा, म्हणजे आजच्या स्यूटाचा. सिसिलीवर तेव्हा नॉर्मन राजा दुसरा रॉजर राज्य करत होता. सिसिली त्याआधी दोनेक शतकं मुसलमानांच्या ताब्यात होती. राजवट बदलली तरी दरबारात अरबी चालत होती. रॉजरला जगाचं खरं मोजमाप हवं होतं. त्याने इद्रीसीला बोलावून घेतलं आणि काम १५ वर्षं चाललं.

मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची पद्धत. ती पुस्तकाच्या प्रस्तावनेत दिली आहे. आधी जुनी पुस्तकं तपासली. ती एकमेकांशी जुळेनात. मग प्रवाशांना बोलावलं. एकेकट्याला विचारलं आणि चारचौघांत एकत्र बसवूनही विचारलं. जिथे सगळ्यांचं एकमत झालं ते ठेवलं, जिथे मतभेद झाला ते बाजूला काढलं. त्यानंतर एक मोठा फळा केला आणि लोखंडी कंपासाने एकेका गावाचं अंतर त्यावर मांडून पाहिलं. ऐकलेली माहिती फळ्यावर जुळते का, हे बघितलं. सगळं जुळल्यावर चांदीची एक प्रचंड तबकडी घडवून तिच्यावर जगाचा नकाशा कोरला आणि सोबत पुस्तक लिहिलं: ‘नुज़हत अल-मुश्ताक़’. हिजरी ५४८ च्या शव्वालमध्ये, म्हणजे जानेवारी ११५४ मध्ये ते पुरं झालं. पुढच्याच महिन्यात रॉजर वारला.

या पुस्तकात जगाचे ७० तुकडे आहेत. सात पट्टे, प्रत्येकाचे दहा भाग आणि प्रत्येक भागाचा वेगळा नकाशा. नकाशात दक्षिण वर आहे, त्यामुळे आजच्या माणसाला तो उलटा वाटतो. इटली, फ्रान्स, जर्मनी यांतल्या गावांची अंतरं त्यात आहेत. त्याच पुस्तकात आपलं ठाणं आहे आणि सैमूरही आहे. इद्रीसी कोकणात कधी आला नाही. त्याने आपला किनारा ऐकून लिहिला, म्हणून आपल्या भागाची माहिती तुटक आहे. भूमध्य समुद्राच्या आसपासची माहिती मात्र भरीव आहे, कारण विचारायला माणसं हाताशी होती.

चांदीची ती तबकडी पुढे दंगलीत नाहीशी झाली. पुस्तक उरलं. यंत्र महाग आणि देखणं होतं, पण टिकली ती त्यामागची चौकशी. हे वाक्य मी भाच्यालाही लिहून पाठवलं.

मालम

अरबीत शिकवणाऱ्याला ‘मुअल्लिम’ म्हणतात. आमच्या पेशाचं ते नाव. पश्चिम किनाऱ्यावर त्याच शब्दाचा ‘मालम’ झाला आणि अर्थ झाला जहाजाला वाट दाखवणारा. मला हे फार आवडतं. तारे ओळखणं, वारा ओळखणं, पाण्याचा रंग आणि समुद्रातले साप बघून किनारा किती जवळ आला हे सांगणं, ही त्याची विद्या. आपल्याकडचा ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला नाखुदा, जहाजाचा धनी. होकायंत्रातला ‘होका’ हाही अरबी खलाशांच्या ‘हुक्का’ या शब्दावरून, म्हणजे सुई ठेवायच्या डबीवरून आला असावा. उर्दूत होकायंत्राला ‘कुतुबनुमा’ म्हणतात: ध्रुव दाखवणारा.

मालम म्हटलं की वास्को द गामाची गोष्ट निघतेच. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत ती दोन प्रकारे येते. एकात अभिमानाने सांगतात की वास्कोला भारताची वाट इब्न माजिद या मुसलमान नाविकाने दाखवली. दुसऱ्यात तीच गोष्ट दोष म्हणून सांगतात की पोर्तुगीजांना घरात आणणारे हेच. दोन्ही निरोप पाठवणाऱ्यांनी पुरावा तपासलेला नसतो.

अहमद इब्न माजिद हा रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा थोर दर्यावर्दी. १४९० च्या सुमारास त्याने ‘किताब अल-फवाइद’ हा नौकानयनावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याने वास्कोला वाट दाखवली, असं लिहिलं ते पुढच्या शतकात मक्केतल्या कुतुबुद्दीन नहरवाली या इतिहासकाराने. त्याने तर इब्न माजिदला दारू पाजून वाट काढून घेतली, असं लिहिलं. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक फेराँ याने हीच कथा उचलून धरली आणि ती जगभर गेली. पण पोर्तुगीजांनी स्वतः काय लिहिलं आहे? त्यांचा इतिहासकार बारुश या वाटाड्याला गुजरातचा मूर म्हणतो आणि नाव देतो ‘मालेमो काना’. दुसरा पोर्तुगीज इतिहासकार ‘मालेमो कानाका’ लिहितो. ‘मालेमो’ म्हणजे आपला मालमच. मोहिमेतल्या माणसाने लिहिलेल्या रोजनिशीत तर त्याला ख्रिस्ती म्हटलं आहे, कारण मुसलमान नसलेला दिसेल त्याला ते लोक ख्रिस्ती समजत. तेव्हा तो कुणीतरी गुजराती मालम होता, एवढंच धरून चालावं. इब्न माजिदच्या लिखाणाचा बारकाईने अभ्यास केलेल्या टिबेट्स यांच्यासारख्या अभ्यासकांनीही ही कथा स्वीकारलेली नाही. इब्न माजिदचं मोठेपण त्याच्या ग्रंथात आहे, त्याला या उसन्या गोष्टीची गरज नाही.

या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती दिवसांची मोजदाद. २४ एप्रिल १४९८ ला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मालिंदी सोडून मालमाच्या भरवशावर निघालेली जहाजं २० मे रोजी कालिकतजवळ नांगरली. २६ दिवस. परत जाताना हीच जहाजं ५ ऑक्टोबरला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाली आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. जवळजवळ तीन महिने. हिरड्या सुजून, रक्त येऊन माणसं मेली, जहाज हाकायला पुरेसे हात उरले नाहीत. समुद्र तोच होता, जहाजं तीच होती, होकायंत्र आणि उंची मोजायची साधनंही तीच होती. चुकली ती निघायची वेळ. ईशान्येचे वारे नीट सुरू होण्याआधीच ते निघाले. वाऱ्याच्या ठरलेल्या वेळेला अरबीत ‘मौसिम’ म्हणतात. आपला मोसम आणि इंग्रजांचा मान्सून त्यातूनच आले. दिशा यंत्र सांगतं, मोसम माणूस सांगतो.

आमच्या घाटातले वाटाडे

आता समुद्र सोडून जमिनीवर येऊ. पोलादपूर हे वाटांचंच गाव आहे. एक फाटा कशेडी चढून खेडकडे जातो, एक आंबेनळीने महाबळेश्वरला, एक महाडला उतरतो. महाड एकेकाळी सावित्रीवरचं भरभराटीचं बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून माल वर येई आणि पारघाटाने बैलांच्या पाठीवर देशावर जाई. आंबेनळीचा गाडीरस्ता नंतरचा, इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेला, आणि त्याला फिट्झगेराल्ड या गव्हर्नराचं नाव मिळालेलं.

या डोंगरात वाट माहीत असणं म्हणजे काय, हे १६५९ मध्ये सगळ्या दख्खनने बघितलं. अफझलखानाची फौज मोठी होती, तोफा होत्या, हत्ती होते. पण वाईहून जावळीच्या खोऱ्यात उतरल्यावर फौजेचा आकार कामाला येईना. रान कुठे दाट आहे, कुठली वाट कुठे निघते, ती कुठे अडवता येते, हे शिवाजी महाराजांच्या माणसांना ठाऊक होतं. त्या प्रसंगाला दोन धर्मांची झुंज म्हणून सांगणारे खूप आहेत. ज्याने हा मुलूख पायी तुडवला आहे, त्याला आधी भूगोल दिसतो.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं मोजणीचं. थॉमस जर्विस या लष्करी इंजिनिअरने १८२० च्या दशकात दक्षिण कोकणाची पाहणी केली. अशा पाहण्यांच्या नकाशांवर साहेबाचं नाव येतं. वाट दाखवणाऱ्याचं येत नाही. गावोगाव परक्या माणसाला, सरकारी अंमलदाराला पुढच्या गावापर्यंत पोहोचवायचं, त्याचं सामान वाहायचं, हे काम वतनाच्या नावाखाली महारांच्या गळ्यात होतं. मोबदला जेमतेम आणि नकार द्यायची सोय नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. सगळ्यांना वाट दाखवणाऱ्या माणसांना महाडच्या चवदार तळ्याकडे जायची वाट मात्र बंद होती. ती २० मार्च १९२७ ला त्यांनी स्वतः उघडली. मार्गदर्शकांच्या इतिहासात हे पान मी सोडू शकत नाही. ज्ञान ज्याच्यापाशी असतं त्याला मान मिळतोच असं नाही.

यंत्र आलं

गाडीत बसून वाट दाखवणारी यंत्रं उपग्रहांच्या आधीची आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘इटॅक’ नावाचं यंत्र विकायला आलं. नकाशा कॅसेटवर असे. गाडीच्या चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून गाडी कुठे आली हे ते ठरवत असे. उपग्रहाचा संबंध नव्हता. ‘इटॅक’ हा शब्द प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या नावाड्यांचा. ते मानतात की होडी जागेवर स्थिर आहे आणि बेटं तिच्याजवळून सरकत मागे जात आहेत. आज फोनच्या पडद्यावर आपली गाडी मध्यभागी असते आणि रस्ता खाली सरकत जातो, तो हाच विचार. म्हणजे या यंत्रातही एक मालम बसलेला आहे.

जीपीएसची योजना अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये आखली आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. हेतू लष्करी होता. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. ते पाडलं गेलं आणि त्यातली २६९ माणसं मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही सेवा तयार झाल्यावर सर्वसामान्यांनाही मिळेल. १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. तरी मुद्दाम घातलेली चूक होतीच: साध्या माणसाच्या यंत्राला जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली आणि मग घराघरांतल्या गाडीत ही यंत्रं बसू लागली.

दुसऱ्याच्या हातातलं साधन तो कधीही बंद करू शकतो, हे इतर देशांनीही ओळखलं. युरोपने गॅलिलिओ उभारलं, त्याची पहिली सेवा डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताचा सातवा दिशादर्शक उपग्रह गेला आणि आपल्या व्यवस्थेला नाव मिळालं ‘नाविक’. नावाड्याची आठवण इथेही राहिली.

हे चालतं कसं, ते मुलांना मी असं सांगतो. उपग्रहावर अतिशय अचूक घड्याळ असतं. तो सारखा पुकारा करत असतो: मी अमुक ठिकाणी आहे, आत्ता इतके वाजलेत. हा पुकारा आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते आणि आपलं घड्याळ तितकं अचूक नसतं म्हणून चौथा लागतो. आपलं यंत्र फक्त ऐकतं. जागा कळण्यासाठी ते उपग्रहाला काहीच कळवत नाही. म्हणून फोनचं नेटवर्क गेलं तरी जागा कळत राहते. आंबेनळीत नेटवर्क जातं तेव्हा लोक म्हणतात जीपीएस बंद पडलं. जीपीएस चालूच असतं, नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला नसतो.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपण कुठे आहोत, हे उपग्रह सांगतो. रस्ता कुठे आहे आणि कसा आहे, हे नकाशा सांगतो. नकाशा कुणातरी माणसाने केलेला असतो, कुठल्यातरी दिवशी केलेला असतो.

मग काय घ्यावं?

इद्रीसीची पद्धत समोर ठेवून मी भाच्याला तीन प्रश्न सुचवले. हेच प्रश्न मुंबईहून गोव्याला निघालेल्या माणसालाही लागू आहेत.

पहिला प्रश्न: माहिती कुणाची आणि कधीची? वेगळं यंत्र घेतलं तर त्यात जाणार त्या सगळ्या देशांचे नकाशे आहेत का आणि ते फुकट ताजे करून मिळतात का, हे बघावं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात ते ताजे करावेत. वर्षभर खणात पडलेलं यंत्र वर्षभर जुनी वाट दाखवतं. फोनचा फायदा असा की पुढची वाहतूककोंडी तो लगेच सांगतो, कारण त्याच रस्त्यावरच्या इतर फोनांचा वेग तो बघत असतो. एका अर्थी तो प्रवाशांना एकत्र बसवून विचारणाराच आहे.

दुसरा प्रश्न: ते मुकं झालं तर? ब्रिटनच्या फोन कंपन्यांना युरोपात फुकट रोमिंग देण्याचं बंधन आता राहिलेलं नाही. स्वित्झर्लंड तर युरोपीय संघातच नाही. तेव्हा फोनवर भागवायचं असेल तर नकाशे घरच्या वाय-फायवर उतरवून घ्यावेत, चार्जर आणि काचेला लावायचा पक्का स्टँड घ्यावा. लांबच्या प्रवासाला मी दोन्ही सुचवेन: वाटेसाठी मोठ्या पडद्याचं वेगळं यंत्र आणि कोंडीसाठी फोन. शेजारच्या सीटवर कागदी नकाशाही असावा. पुढचा देश कुठल्या बाजूला आहे हे मुलांना त्यावरच कळतं.

तिसरा प्रश्न: त्याला काय माहीत नाही? इथे खरी गोम आहे. फ्रान्समध्ये वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांची नेमकी जागा दाखवणारी सोय वापरायला २०१२ पासून बंदी आहे. जर्मनीत चालकाने ती वापरणं बेकायदा आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये असं साधन नुसतं जवळ बाळगणंही. तेव्हा ही सोय निघण्यापूर्वीच बंद करावी. स्विस महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो. फ्रान्सच्या अनेक शहरांत धुराच्या प्रमाणानुसार रंगीत स्टिकर लागतो. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. यंत्र मात्र जवळची वाट म्हणून खुशाल आत नेऊ शकतं. सिसिलीला जायला पूल नाही, मेसिनाच्या सामुद्रधुनीत गाडी बोटीवर चढवावी लागते. यंत्रात ‘फेरी टाळा’ असं घातलेलं असेल, तर पालेर्मोची वाट त्याला सापडणारच नाही.

गावाचं नाव लिहिताना तर फारच जपावं. २००९ मध्ये स्वीडनचं एक जोडपं इटलीतलं काप्री बेट बघायला निघालं आणि दोन अक्षरांची अदलाबदल होऊन ‘कार्पी’ या उत्तरेकडच्या औद्योगिक गावात पोहोचलं. काप्री तिथून साडेसहाशे किलोमीटरवर! बेटावर जायचं आहे आणि वाटेत समुद्र आला नाही, हे त्यांना खटकलं नाही. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव किती आहेत ते आठवा.

एक गोष्ट मुसलमान प्रवाशासाठी. किब्ला दाखवणारी सोय आता प्रत्येक फोनात आहे. पोलादपूरहून किब्ला पश्चिमेच्या दहा-बारा अंश उत्तरेला आहे, म्हणून आपण सवयीने मावळतीकडे तोंड करतो. लंडनहून तोच किब्ला आग्नेयेला येतो आणि प्रवासात पुढे सरकत राहतो. सवयीची दिशा आणि खरी दिशा यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही. फोनच्या होक्याजवळ गाडीचं लोखंड आलं की सुई भरकटते, म्हणून गाडीबाहेर येऊन बघावं.

सावित्रीचा पूल

या तिसऱ्या प्रश्नाचं गांभीर्य आम्हा महाड-पोलादपूरच्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा जुना दगडी पूल पुरात गेला. पूल १९२८ मधला, कमानींचा. पाऊस कोसळत होता, अंधार होता. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं पाण्यात गेली. सुमारे ४० माणसं गेली. काही मृतदेह वाहत दूर समुद्राकडे सापडले, काही सापडलेच नाहीत. त्या एसटीच्या चालकांची वाट चुकलेली नव्हती. रस्ता रोजचा, पूल रोजचा. जगातलं कुठलंही यंत्र त्या क्षणी पूल आहे असंच सांगत होतं, कारण नकाशात पूल होता.

नाही हे कळलं ते जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला. पुढे गेलेल्या गाडीचे दिवे एकाएकी दिसेनासे झाले, हे त्याने पाहिलं. त्याने रस्त्यावर येऊन मागच्या गाड्या थांबवल्या आणि खबर दिली. त्याच्या हातात यंत्र नव्हतं. तो तिथे होता, त्याचं लक्ष होतं आणि त्याने ओरडून सांगितलं. त्या रात्रीचा मालम तो होता. १६५ दिवसांत नवा पूल बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. नकाशात बघितलं तर आज तिथे काहीच घडलं नसल्यासारखं वाटतं.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तळियेवर दरड आली, आमच्या तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या. आंबेनळीचा रस्ता तुटून बंद झाला. कशेडीचा नवा बोगदा कधी एका बाजूने चालू, कधी कामासाठी बंद, असं बराच काळ चाललं. पावसाळ्यात या भागातला रस्ता ही ठरलेली गोष्ट नसते, ती रोजची बातमी असते. इद्रीसीने प्रवाशांना समोर बसवून विचारलं, ते यासाठीच. आठशे वर्षांत विचारायची साधनं बदलली, विचारायची गरज गेली नाही.

म्हणून यंत्र चांगलं घ्यावं, नकाशा ताजा ठेवावा, नाव दोनदा वाचून मग घालावं. आणि पोलादपुराहून वर निघताना घाटाच्या पायथ्याशी टपरीवर चहाला थांबून वरून उतरलेल्या गाडीवाल्याला विचारावं, ‘भाऊ, आंबेनळी चालू आहे का?’